आधी डोंगर, मग दगड: हाँगकाँगच्या हॅपी व्हॅलीतली दफनभूमी कशी पाहावी

हाँगकाँगला आलेल्या आपल्या माणसाकडे एक सकाळ मोकळी असेल, तर मी त्याला हॅपी व्हॅलीला जायला सांगतो. शर्यती बघायला नाही. रेसकोर्सच्या समोर, रस्त्याच्या पलीकडच्या डोंगरउतारावर १८४५ सालची दफनभूमी आहे, ती बघायला. फाटकातून आत गेलं की जवळच त्याच साली बांधलेलं एक छोटंसं चॅपल दिसतं. त्याच्या मागे झाडीतून वर वर चढत गेलेले टप्पे, आणि त्या टप्प्यांवर हजारो थडगी. बरेच जण इथे चार फोटो काढतात आणि ‘इंग्रजांचं जुनं कब्रस्तान’ एवढंच म्हणून बाहेर पडतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण ही जागा वाचता येते. फक्त वाचण्याचा क्रम ठरवून आत जायला हवं. माझा क्रम असा: पहिल्यांदा डोंगर, मग चॅपल, त्यानंतर दगड, आणि घरी गेल्यावर कागद.

मी व्यवसायाने जिओटेक्निकल इंजिनिअर. मूळचा चिपळूणचा, त्यामुळे परशुराम घाटात पावसाळ्यात माती खाली येते म्हणजे काय होतं ते लहानपणापासून माहीत आहे. नोकरीची बरीच वर्षं हाँगकाँगच्या उतारांवर गेली. म्हणून मी कुठल्याही उतारावर गेलो की आधी पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते बघतो. या दफनभूमीचा इतिहाससुद्धा मला त्याच वाटेने कळला, आणि तुम्हालाही त्याच वाटेने न्यावं असं वाटतं.

जाण्याआधी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. हवा कोरडी असते, डास कमी असतात आणि उन्हाची तिरीप दगडांवर बराच वेळ राहते. उन्हाळ्यात गेलात तर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि डासांचं मलम लावा. पावसाचा लाल किंवा काळा इशारा लागला असेल तर जाऊच नका. एप्रिलच्या सुरुवातीला छिंग मिंग आणि शरद ऋतूत चुंग यंग हे चिनी लोकांचे पितरांच्या थडग्यांवर जाण्याचे दिवस. त्या दिवसांत शेजारच्या दफनभूम्यांमध्ये कुटुंबंच्या कुटुंबं येतात, तेव्हा कॅमेरा घेऊन फिरणं बरं दिसत नाही.

कॉजवे बे स्टेशनवर उतरून चालत या, किंवा हॅपी व्हॅलीची पाटी असलेली ट्राम पकडा. चालत येण्याचा फायदा असा की अख्खी रांग क्रमाने दिसते. कोपऱ्यावर शिखांचा गुरुद्वारा, पुढे मुसलमानांची दफनभूमी, मग कॅथलिकांची सेंट मायकेल, मग आपण जिथे जाणार ती, तिला लागून पारशांची, आणि पुढे हिंदू मंदिर. एकाच डोंगराच्या पायथ्याशी इतक्या धर्मांनी आपापली जागा धरून ठेवलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. सेंट मायकेलच्या फाटकावर एक चिनी दोनओळी कोरलेली आहे: आज माझा देह मातीला मिळाला, उद्या तुझंही तसंच होईल. तिथे अर्धा मिनिट थांबून पुढे चला.

डोंगर

फाटकातून आत आलात की लगेच थडग्यांकडे वळू नका. एखाद्या पायरीवर उभे राहा आणि रेसकोर्सकडे तोंड करा. तुमच्यासमोर जे सपाट हिरवं मैदान आहे, तिथे १८४१ मध्ये भातशेती आणि दलदल होती. त्या वर्षी जानेवारीत इंग्रजांनी बेटाचा ताबा घेतला. सुरुवातीला याच खोऱ्यात व्यापारी वस्ती वसवायचा विचार होता. पण माणसं तापाने मरायला लागली. १८४३ च्या उन्हाळ्यात ‘हाँगकाँग फीव्हर’ नावाने जी साथ आली तिच्यात फौजेतले जवळपास चौथाई लोक गेले असं तेव्हाच्या नोंदी सांगतात. खराब हवेमुळे, दलदलीतून उठणाऱ्या वाफेमुळे ताप येतो असं त्या काळच्या डॉक्टरांचं मत होतं. वस्तीचा बेत बारगळला, व्यापारी पश्चिमेकडे सरकले. दलदलीचं पाणी काढून तिथे रेसकोर्स झालं आणि डिसेंबर १८४६ मध्ये पहिली शर्यत धावली. त्याच्या आदल्या वर्षी समोरचा उतार मृतांसाठी राखला गेला होता.

आता मागे वळा आणि उतार बघा. इथला डोंगर ग्रॅनाइटचा, पण वरचा थर कुजून मऊ झालेला. आपल्याकडे ज्याला मुरूम म्हणतात त्याचा हा भाऊबंद. कोरडा असला की खणायला सोपा, कापला तर उभा राहतो. पाणी मुरलं की बसतो. म्हणून इथे टप्पे पाडून दगडी आधारभिंती बांधाव्या लागल्या. भिंतींमध्ये ठरावीक अंतरावर पाणी निघायची भोकं आहेत, पायऱ्यांच्या कडेने पन्हळी आहेत. एखाद्या भोकाखाली शेवाळाचा हिरवा पट्टा दिसला तर मागच्या मातीत पाणी आहे, आणि त्या भिंतीवरच्या टप्प्यावर थडगी कललेली दिसण्याची शक्यता जास्त. कललेलं थडगं म्हणजे दुर्लक्ष असं लोक धरून चालतात. बऱ्याचदा ते पाण्याचं काम असतं.

हाँगकाँगभर भिंतींवर आणि कापलेल्या उतारांवर छोट्या नोंदणी पाट्या लावलेल्या असतात. त्यावर नकाशाच्या पानाचा क्रमांक आणि मग एक अक्षर: सी असेल तर डोंगर कापलेला, एफ असेल तर भराव घातलेला, आर असेल तर आधारभिंत. १९७२ आणि १९७६ च्या पावसाळ्यात दरडी कोसळून इथे फार माणसं मेली. त्यानंतर १९७७ मध्ये सरकारने उतारांसाठी वेगळं खातं उभं केलं, आणि बेटावरच्या उतारांची एकेक करून नोंद झाली. आजूबाजूला अशी पाटी दिसली तर जरूर वाचा. तुमच्या पायाखालची जमीन डोंगराची आहे की माणसाने टाकलेली, ते तिथे लिहिलेलं असतं.

एक सावधगिरी. खालचे टप्पे जुने आणि वरचे नवे असा ढोबळ अंदाज करता येतो, पण त्यावर विसंबू नका. बेटावरची पहिली इंग्रजी दफनभूमी वान चायमध्ये होती. ती काही वर्षांतच भरली, म्हणून तर ही उघडावी लागली. पुढे १८८९ मध्ये वान चायची जागा मोकळी केली तेव्हा तिथले अवशेष आणि दगड इकडे आणले. त्यामुळे १८४१, १८४२, १८४३ अशी सालं कोरलेले दगड या १८४५ च्या दफनभूमीत सापडतात. असा दगड दिसला की समजा, हा माणूस दोनदा पुरला गेला. नंतरची मोठी उलथापालथ अलीकडची: १९८२ मध्ये वाहतुकीला खुल्या झालेल्या अॅबरडीन बोगद्यासाठी दफनभूमीचा काही भाग गेला आणि तिथली थडगी हलवली. बोगद्याकडे जाणाऱ्या गाड्यांचा आवाज आत ऐकू येतो, त्यावरून तो कुठल्या अंगाला आहे ते कळेल.

चॅपल

आता चॅपलकडे या. इमारत अगदी साधी. फिक्या रंगाच्या भिंती, उतरतं छप्पर, मोठा मनोरा नाही की रंगीत काचांचा थाट नाही. रविवारच्या प्रार्थनेसाठी ते बांधलेलंच नव्हतं. शवपेटी आणायची, पाद्रीबाबांनी अंत्यविधीची प्रार्थना म्हणायची आणि मग ती वर टप्प्यावर न्यायची, एवढ्यापुरती ही वास्तू. जून-जुलैचा इथला पाऊस ज्याने पाहिलाय त्याला छप्पर का हवं होतं हे सांगावं लागणार नाही.

त्याचं महत्त्व समजायचं असेल तर एक तुलना लक्षात ठेवा. मध्यवर्ती भागातलं सेंट जॉन्स कॅथीड्रल १८४९ मध्ये बांधून झालं. म्हणजे जिवंत माणसांच्या प्रार्थनेची मोठी वास्तू उभी राहण्याच्या चार वर्षं आधी मेलेल्यांसाठीचं चॅपल तयार होतं. शहरात इतक्या जुन्या युरोपीय धाटणीच्या इमारती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत. नवीन वसाहतीला सगळ्यात आधी कशाची निकड भासली, ते या दोन सालांमधून कळतं. मला हे चॅपल कॅथीड्रलपेक्षा जास्त आवडतं ते याच कारणासाठी.

आत जायला मिळालं नाही तरी बाहेरून एक फेरी मारा. पाया बघा, छपरावरचं पाणी कुठे पडतं ते बघा, आणि दारासमोर उभं राहून वर जाणाऱ्या पायऱ्या मोजा. शवपेटी उचलणाऱ्या माणसांना किती चढ होता याचा अंदाज येतो.

दगड

थडगी वाचायला सकाळी लवकर किंवा दुपारी चारनंतर सुरुवात करा. ऊन तिरपं असलं की पुसट अक्षरंही वर येतात. सावलीतल्या दगडासाठी मी एक छोटा आरसा जवळ ठेवतो: मदतीला कोणी असेल तर त्याला उन्हात उभं करायचं आणि प्रकाशाचा पट्टा दगडावर आडवा पाडायला सांगायचं. मोबाईलचा टॉर्च समोरून मारू नका, दगडाच्या कडेला टेकवून आडवा धरा. खडू घासणं, पीठ चोळणं, कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेणं, ओल्या ब्रशने खरवडणं यातलं काहीही करू नका. ग्रॅनाइट टिकेल, पण संगमरवराचा वरचा थर पावसाने कमकुवत झालेला असतो; बोट फिरवलं तरी साखरेसारखे कण हाताला लागतात. तेवढी अक्षरं कायमची गेली.

काही संगमरवरी पाट्यांवर शिशाची अक्षरं ठोकलेली होती. ती गळून पडली तरी प्रत्येक अक्षराच्या जागी दोन-तीन बारीक भोकं राहतात. मी अशी एक पाटी भोकांवरून जुळवली आहे. वहीत भोकांचे ठिपके हुबेहूब काढायचे, आणि मग त्याच पाटीवर शाबूत असलेल्या अक्षरांची भोकं कशी पडतात ते ताडून बघायचं. वेळ लागतो. पण आडनाव पूर्ण होतं तेव्हा फार आनंद होतो.

नक्षीकाम नुसतं सजावटीचं नसतं. जहाजाचा नांगर दिसला तर बहुतेक दर्यावर्दी. कलशावर पांघरलेलं वस्त्र म्हणजे शोक. मधेच तुटलेला खांब म्हणजे अर्ध्यावर संपलेलं आयुष्य. हा तुटलेला खांब इथे एका थडग्यावर असा आहे की तो पाहिल्याशिवाय परत जाऊ नका. त्यावर नाव नाही, फक्त ६३४८ हा आकडा. तो यंग कू-वान यांचा. चीनमधल्या मांचू राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या क्रांतिकारकांमधले ते पहिल्या फळीतले, चिनी प्रजासत्ताकाचे पहिले अध्यक्ष झालेल्या सुन यत-सेन यांचे सहकारी. जानेवारी १९०१ मध्ये इथल्याच एका गल्लीत, मुलांना इंग्रजी शिकवत असताना, राजवटीने पाठवलेल्या मारेकऱ्याने त्यांना गोळ्या घातल्या. बऱ्याच वर्षांनी, २०११ मध्ये, शेजारी माहितीचा फलक लागला. तरी मूळ दगडावर अजून आकडाच आहे.

खलाशी आणि सैनिकांचे दगड हे या जागेचं सगळ्यात मोठं दालन. त्यावर नावाबरोबर जहाज किंवा पलटण, वय, आणि बऱ्याचदा दगड कोणी उभारला तेही असतं. वयं विशी-पंचविशीतली. वर्गणी काढून हा दगड लावणारे सोबतीही त्याच वयाचे असणार. १८५५ मध्ये चाच्यांशी झालेल्या लढाईत पडलेल्या इंग्रज ‘रॅटलर’ आणि अमेरिकन ‘पाउहॅटन’ या जहाजांवरच्या लोकांचं एकत्र स्मारक इथे आहे, तेही शोधा.

जहाजांची नावं वहीत उतरवून घ्यायला मी मुद्दाम सांगतो, कारण यात मुंबईचा धागा आहे. हाँगकाँग बेट ज्या करारानं इंग्रजांना कायमचं मिळालं त्या १८४२ च्या नानकिंगच्या करारावर ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर सह्या झाल्या. ही नौका मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली. आणि १८४० च्या दशकात इथल्या बंदरात तरंगतं रुग्णालय म्हणून उभी असलेली ‘मिंडेन’ हीसुद्धा मुंबईचीच, १८१० मध्ये पाण्यात उतरवलेली. तापाने फणफणलेले खलाशी मुंबईच्या गोदीत घडलेल्या सागवानी तक्तपोशीवर पडून होते. चिम शा चुईमध्ये आज मिंडेन रो आणि मिंडेन अॅव्हेन्यू आहेत, ती नावं त्या जहाजाचीच.

तापाचा धागा मात्र वरच्या टप्प्यांवरच्या दगडांमधून पुढे जातो. सर काई हो काई यांचं थडगं इथे आहे. हे डॉक्टर आणि बॅरिस्टर, जुन्या काई ताक विमानतळाच्या नावातले ‘काई’. त्यांची इंग्रज पत्नी अॅलिस १८८४ मध्ये टायफॉइडने गेली. तिच्या नावाने १८८७ मध्ये रुग्णालय उघडलं. त्याच वर्षी तिथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, ते पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरच्या पुढाकाराने. सुन यत-सेन तिथलेच विद्यार्थी. डासांमधून मलेरिया पसरत असावा ही कल्पना मॅन्सन यांनी रोनाल्ड रॉस यांच्या डोक्यात भरवली, आणि रॉस यांनी १८९७ मध्ये आपल्या सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू शोधून काढले. समोरच्या दलदलीत नेमकं काय मारत होतं, त्याचं उत्तर असं चोपन्न वर्षांनी मिळालं. अॅलिस आणि काई हो काई यांचे दगड बघताना हे सगळं लक्षात असलं की दगड बोलके होतात.

बाकी सर पॉल चेटर हे कलकत्त्यात जन्मलेले आर्मेनियन व्यापारी, सर रॉबर्ट हो तुंग, मिशनरी गुट्सलाफ, ही मोठी नावं माहितीपत्रकांत सापडतात. त्यांच्यासाठी फार थांबू नका. त्याऐवजी जपानी थडगी बघा. चारशेच्या वर आहेत. उभ्या चौकोनी दगडांवर जपानी लिपी. त्यांत परदेशी विकल्या गेलेल्या कोवळ्या मुलींची थडगीही आहेत. रशियन क्रांतीनंतर देश सोडून आलेल्यांचे तिरप्या आडव्या पट्टीचे क्रूसही दिसतील.

दुसऱ्या महायुद्धात इथे लढलेले भारतीय सैनिक शोधायला आला असाल तर ही ती जागा नव्हे. राजपूत आणि पंजाब पलटणींचे लोक साई वानच्या युद्ध दफनभूमीत शोधा. हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन झालं असल्याने तिथे त्यांच्या नावांचं वेगळं स्मारक आहे.

शेजारचं पारशी फाटक

पारशांची दफनभूमी १८५२ पासूनची. ही खासगी जागा आहे, सरळ आत शिरू नका. लेटन रोडवरच्या झोरोस्ट्रियन बिल्डिंगमध्ये आधी लेखी विचारा. कँटनमध्ये १८२२ साली पारशी व्यापाऱ्यांनी सुरू केलेला धर्मादाय निधी आजही तिथून चालतो. इथे दोखमा, म्हणजे पारशांचा मृतदेह उघड्यावर ठेवण्याचा बुरूज, नसल्याने पारशांनी जमिनीत दफन स्वीकारलं; मकावमध्येही त्यांची १८२९ ची अशीच डोंगरावरची जागा आहे. परवानगी मिळाली तर होरमसजी नौरोजी मोदींचं थडगं बघा. १८३८ मध्ये मुंबईत जन्मले, तरुणपणी इथे आले, आणि हाँगकाँग विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसाठी पैसे दिले. मार्च १९१० मध्ये पायाभरणी झाली, १९११ मध्ये ते गेले. इमारत पूर्ण झालेली त्यांनी पाहिली नाही. माझ्या आत्याला मी तिथे नेलं होतं. ती आयुष्यभर दादरच्या पारशी कॉलनीशेजारी राहिलेली. फाटकापाशी चप्पल काढून म्हणाली, “अरे, हे तर आपल्याच गावचे.”

कागद

दगड वाचून झाला की त्याची नोंद अशी करा: विभाग, ओळ, थडग्याचा क्रमांक, कोरलेला मजकूर ओळीनुसार जसाच्या तसा, आणि न लागलेल्या अक्षरांच्या जागी टिंबं. अंदाजाने अक्षर भरायचं असेल तर वेगळ्या रंगात लिहा. फोटो तीन: पूर्ण थडगं, मजकूर जवळून, आणि आजूबाजूचा टप्पा. तिसरा फोटो लोक विसरतात आणि नंतर तोच लागतो, कारण शेजारचे दगड एकाच साथीचे किंवा एकाच जहाजाचे असू शकतात.

मग क्वून टोंगच्या सार्वजनिक अभिलेखागारात जा, पासपोर्ट बरोबर ठेवा. कार्ल स्मिथ या अभ्यासकाने आयुष्यभर हाताने लिहिलेली लाखाच्या वर कार्डं तिथे आहेत, आडनावानुसार लावलेली, आणि ती घरी बसूनही पाहता येतात. हाँगकाँगच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जुनी वर्तमानपत्रं फुकट आहेत. दगडावरच्या तारखेच्या पुढचे आठ-दहा दिवस चाळा, मृत्यूची बातमी बहुतेक तेवढ्यात येते. माणूस मुंबई इलाख्यातून आला असेल तर ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरात मुंबईच्या चर्चनोंदी आहेत. बाप्तिस्मा मुंबईत आणि दफन हॅपी व्हॅलीत, अशी माणसं त्यात सापडतात.

हाँगकाँगला येणं जमणार नसेल तर हाच क्रम शिवडीत वापरा. तिथली ख्रिस्ती दफनभूमी १८६० च्या दशकातली. त्याआधी त्या जागेवर कृषी-उद्यान संस्थेची बाग होती, म्हणून झाडांपासून सुरुवात करा. व्हीटी स्टेशनचे वास्तुकार स्टीव्हन्स १९०० पासून, गेटवेचे वास्तुकार विटेट १९२६ पासून आणि टिळकांचे सहकारी काका बॅप्टिस्टा १९३० पासून तिथे आहेत. आत गेल्यावर प्रथम कार्यालयात जाऊन फोटोची परवानगी मागा आणि पावसाळा संपल्यावर, दसऱ्यानंतर जा. तोवर गवत कापलेलं असतं.